खोकल्या आणि जावईबापू

फट्... फट्... मग जरा दम खाऊन, फटफटफटफट!

पुष्कळ वर्षांमागं ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कानात आहे. ऐकून मी दचकलोच. एवढ्या मोठ्यानं कोण बोंबलतंय म्हणून शोध घेतला, तर तो मीच निघालो. कारखान्यातला मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला, "ओरडतोय झकास. म्हणजे प्रकृती उत्तम." जन्मल्या जन्मल्या माझं झालेलं ते पहिलं कौतुक. नंतर कुणी फारसं केलं नाही.

मी विहिरीवरचं डिझेल इंजिन. घरात मला खोकल्या म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा मी तरुण होतो आणि नाव खोटं होतं. आता ते खरं झालंय, त्यामुळे राग येत नाही.

माझ्या मालकांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. वाटभर त्यांचा हात माझ्या चाकावर होता. मी उडी मारून पळून जाईन असं त्यांना वाटत असावं. विहिरीच्या काठाला सिमेंटचा ओटा होता, त्यावर मला बोल्ट आवळून बसवलं, पाणी दिलं, डिझेल दिलं, आणि ऊन लागू नये म्हणून अंगावर पोतं घातलं.

तेव्हाच मला मालकांचा स्वभाव कळला. त्यांना उन्हात उभी असलेली कुठलीही वस्तू बघवत नाही. सायकलच्या सीटवर फडकं, डिझेलच्या कॅनवर फळी, फावड्याच्या दांड्यालासुद्धा सावलीची जागा. एकदा पाहुण्यांची मोटार दारात उभी होती, तर हे तिच्यावर चादर घालून आले. पाहुणे निघाले तेव्हा आधी चादर, मग त्यांची समजूत काढावी लागली.

यात त्यांची चूक नाही. त्यांचा धंदाच तसा. आमची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. बोटभर उंचीचं रोप म्हणजे तान्हं मूल. दुपारचं ऊन चढलं की त्यावर हिरवी जाळी ओढायची, वरून पाण्याचा बारीक फवारा द्यायचा, आणि ढग आले की जाळी काढून त्याला आभाळ दाखवायचं. आयुष्यभर हेच केलेला माणूस. ऊन दिसलं की त्यांचा हात आपोआप जाळीकडे जातो.

पाण्याचं काम माझं. पण मला सुरू करणं हा रोजचा सोहळा होता. मालक हँडल लावायचे, वरची कळ उचलायचे, पाय रोवायचे आणि फिरवायला लागायचे. मी ढिम्म.

"चल रे बाबा," ते म्हणायचे. मी ढिम्म.

"चल माझ्या राजा." तरी ढिम्म.

"चल मेल्या!" मग मी सुरू व्हायचो. पहिल्याच फटक्यात सुरू झालं तर आपली किंमत राहत नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

एकदा सुरू झालो की मात्र विहिरीवर दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही. माणसं ओरडून बोलायची, हातवारे करायची, भलतीच उत्तरं द्यायची. मालकीणबाईंनी यातून स्वतःची सोय काढली होती. मनात साठलेलं सगळं त्या मी चालू असतानाच बोलायच्या. रोपांवर फवारा मारत त्या मालकांच्या माहेरच्या अपमानापासून... चुकलो, मालकांच्या बहिणींनी केलेल्या अपमानापासून ते सकाळच्या चहापर्यंत सगळं काढायच्या. मालक काठावरून मान हलवायचे. "हो, हो," म्हणायचे. त्यांना एक अक्षर ऐकू यायचं नाही. बोलून झालं की बाईंचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ व्हायचा. त्या दोघांचा संसार इतका गोडीचा कसा, असं गावातले लोक विचारायचे. मी मात्र धूर सोडत राहिलो.

वर्षं गेली. मी खोकायला लागलो आणि मालकांचा उजवा खांदा कुरकुरायला लागला. इतक्या वर्षांची हँडलं त्या खांद्यात जमा झाली होती. शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग थांबून एक सुस्कारा, मग डावी. शेवटी सूनबाईंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. परत आले ते विहिरीवरच आले, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. शेक घ्या म्हणाले," मालक म्हणाले.

"नाना!" सूनबाई म्हणाल्या. "आई, डॉक्टर म्हणाले, आता हँडल मारलंत तर हा हात पुन्हा वर जायचा नाही. जेवायलासुद्धा दुसऱ्यानं भरवावं लागेल."

"तो डॉक्टर तरुण आहे," मालक म्हणाले. "त्याला काय माहीत?"

सूनबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून ठेवली. त्यांचा नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी. रोपवाटिका आता त्याच बघतात. बोलणं कमी आणि केलं की केलं. त्यांनी सगळ्या चौकशा केल्या, आणि एका सकाळी विहिरीवर सोलर पंप आला.

मी पोत्याखालून बघत होतो. लोखंडी सांगाडा, त्यावर निळ्याकाळ्या काचेच्या मोठाल्या प्लेटा, एक पेटी, पेटीवर हिरवा दिवा. मोटर विहिरीत, पाण्याखाली. चाक नाही, पट्टा नाही, हँडल नाही, धूर नाही. फिटरनं खटका दाबला आणि पाइपातून पाणी आलं. आवाज म्हणून काही नाही. मला वाटलं, हा पंप घसा बसल्यामुळे रजेवर असावा.

"बंद आहे का?" मालकांनी विचारलं.

"काका, पाणी येतंय की."

"ते दिसतंय. पण चालू आहे का?"

फिटर समंजस होता. त्यानं नीट समजावलं. "काका, ऊन म्हणजेच याचं डिझेल. प्लेटांवर धूळ बसू देऊ नका, एवढंच. कडक उन्हात फार तापल्या तर थोडं कमी काम करतात, पण ते आपण हिशेबात धरलेलंच असतं. काळजी नको."

आता यातून कुणीही धूळ पुसायची एवढंच लक्षात ठेवलं असतं. मालकांनी नेमकं मधलं वाक्य उचललं. तापल्या की काम कमी करतात. ते वाक्य त्यांनी खिशात घातल्यासारखं जपून घरी नेलं.

मालकीणबाईंनी नव्या पंपाचं नाव जावईबापू ठेवलं. "उशिरा उठायचं, ऊन वर आलं की कामाला लागायचं, संध्याकाळी लवकर आवरायचं, आणि कुणी एक शब्द बोलायचा नाही. जावईच की हा!" मला त्या वेळी फार बरं वाटलं.

पण खरं सांगतो, पहिले काही दिवस जावईबापूंनी छान काम केलं. रोपं तरारली. मालक ओट्यावर बसून राहायचे. घोटाळा एवढाच झाला की विहिरीवर आता सगळं ऐकू यायला लागलं. मालकीणबाई सवयीनं फवारा मारता मारता बोलायला लागल्या, आणि मालकांनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

"माझी बहीण असं म्हणाली?" ते उठून उभे राहिले.

"अगं बाई! ऐकू आलं तुम्हाला?"

"कधी म्हणाली?"

"आपला थोरला रांगत होता तेव्हा."

"मग आज सांगतेस?"

"रोज सांगतेय!" बाई म्हणाल्या. "रोज हो हो म्हणताय!"

त्या दुपारी दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मला माझी किंमत कळली.

पुढं ऊन कडक झालं आणि जावईबापूंची दुखणी सुरू झाली. सकाळी धो धो पाणी. दुपारी, नेमकं रोपांना हवं तेव्हा, पाइपातून करंगळीएवढी धार. फवारा उडायच्या ऐवजी पाणी ओठावरून ओघळल्यासारखं ओघळायचं. सूनबाई ट्रेच्या पलीकडच्या टोकाहून ओरडायच्या, "नाना, पाणी!" आणि मालक माझ्याकडे बघायचे.

कारण मला दिसत होतं. माझ्या समोरच घडत होतं. ऊन डोक्यावर आलं की मालक सावकाश उठायचे, उरलेली हिरवी जाळी उचलायचे, सांगाड्यावर चढवायचे, आणि प्लेटांवर चारी बाजूंनी नीट पसरून कोपरे बांधायचे. मग वरून थोपटायचे. "तापू नको बाबा," म्हणायचे. संध्याकाळी जाळी काढून घडी घालून ठेवायचे.

ते लपूनछपून काही करत नव्हते. ते सगळ्यांना माहीत आहे अशीच त्यांची समजूत होती. आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण आमच्याकडे जिथं बघावं तिथं हिरवी जाळी. जाळी नसलेली वस्तू दिसली असती तर नजरेत आली असती.

मी काय करणार? माझ्याकडे सांगायला एकच शब्द, फट्. तोही हँडल मारल्याशिवाय निघत नाही.

पाणी बारीक झालं की मालक हँडल घ्यायचे. सूनबाई धावत यायच्या. "नाना, हात लावू नका! मी मारते." पहिल्या वेळी त्यांनी खरंच मारून पाहिलं. दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले, पण माझं चाक अर्धा फेरा जाऊन परत आलं. "सर बाजूला," मालक म्हणाले. "रोपं माना टाकतायत, पोरी. वाद घालायला वेळ आहे का?" वेळ नव्हता. सूनबाई बाजूला झाल्या आणि मालकांच्या खांद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

आता माझी गंमत ऐका. हँडल फिरलं की मला मालकांच्या खांद्याचा आवाज यायचा. कर्र, कर्र. मी ठरवलं, आपण सुरू व्हायचंच नाही. चार दिवस बंद पडलो की आपोआप सुटेल हा नाद. आणि मी गप्प बसलो. पण मालकांना माझी जुनी खोड माहीत. "चल रे बाबा," फेरा. "चल माझ्या राजा," फेरा. "चल मेल्या!" आणखी फेरे. मी जितका अडलो तितकी त्यांनी जास्त हँडलं मारली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. त्यांचा खांदा वाचवायला गेलो आणि तोच पिळून काढला.

दुसऱ्या दिवशी मी निश्चय बदलला. हँडल लागायचा अवकाश, पहिल्या फटक्यात फटफटफट! जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. निदान एकाच फेऱ्यात सुटका.

झालं उलटंच. मालक खूश. "बघितलंत?" ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "पहिल्या फटक्यात! म्हातारा झालाय, पण इमान आहे. त्या जावयाला म्हणावं, शीक जरा!" आणि ते मला कारण नसतानाही सुरू करायला लागले. घरी येणाऱ्या जाणाऱ्यांना दाखवायला. मी कात्रीत सापडलो. सुरू झालो तर खांदा, नाही झालो तर खांदा.

इकडे सूनबाई फिटरला फोन करत होत्या. फिटर यायचा म्हटलं की मालकांची धांदल. पाहुणा येणार! मग जाळी काढायची, प्लेटा खांद्यावरच्या पंच्यानं पुसून लख्ख करायच्या. फिटर खटका दाबायचा आणि पाणी असं उसळायचं की पाइप हातातून सुटायचा. एकदा त्या पाण्यानं फिटरलाच आपादमस्तक न्हाऊ घातलं.

"वहिनी," तो डोळे पुसत म्हणाला, "यात काही बिघाड नाही. हा मला बघितला की चालतो."

"मग तुम्ही इथंच राहायला या," मालकीणबाई म्हणाल्या.

फिटर गेला, ऊन चढलं, जाळी चढली, आणि धार पुन्हा करंगळीएवढी.

शेवटी एक दिवस सूनबाई ओट्याशी आल्या. डोळे सुजलेले होते. "आई, फिटरला आज शेवटचं बोलावलंय. आज जमलं नाही तर पंप घेऊन जा म्हणणार आहे. माझंच चुकलं. नानांचा खांदा वाचावा म्हणून आणला, आणि आधीपेक्षा जास्त हँडलं मारायला लागली त्यांना."

"तुझं नाही गं चुकलं," बाई म्हणाल्या. "जावईच नादान निघाला."

मालक हे ऐकत होते. त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. जावई गेला की मीच, आणि मी म्हणजे हँडल, आणि हँडल म्हणजे तो हात. हे तिघांनाही कळत होतं आणि मलाही.

फिटर आला. प्लेटा लख्ख, पाणी धो धो. त्यानं पेटी उघडली, मिटली, डोकं खाजवलं. "वहिनी, चालू पंप बिघडलेला म्हणून मी कसा नेऊ?" म्हणाला आणि फटफटीवर बसून गेला. सूनबाई तोंड फिरवून रोपांकडे गेल्या.

मालकांनी आभाळाकडे बघितलं. ऊन डोक्यावर. त्यांनी जाळी उचलली. कोपरे बांधले. थोपटलं.

तेवढ्यात फटफटी परत आली. फिटर त्याचा पाना ओट्यावर विसरला होता. तो पाना घ्यायला वाकला, सरळ झाला, आणि तसाच उभा राहिला.

"काका, हे काय करताय?"

"पांघरूण घालतोय," मालक म्हणाले. "तापतात म्हणून तूच सांगितलंस ना? दुपारची जरा विश्रांती."

फिटरच्या हातातून पाना खाली पडला. त्याचा आवाज ऐकून सूनबाई आल्या, मालकीणबाई आल्या.

"नाना," सूनबाईंनी हळूच विचारलं, "हे तुम्ही रोज करता?"

"रोज कसं? ढग असले की नाही करत."

"म्हणजे ऊन असलं की झाकता, आणि ढग आले की उघडं ठेवता?"

"मग? आपण रोपांचं तसंच करतो ना?"

फिटर जो खाली बसला तो माझ्या चाकाला धरून हसायला लागला. त्याच्या हसण्यानं माझे बोल्ट हलले. मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, उन्हावर जगणाऱ्याला सावली दिलीत! जावयाला जेवायला बसवलंत आणि ताटावर झाकण ठेवून थोपटत बसलात!"

सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढं होऊन जाळीचा एक कोपरा सोडला, मग दुसरा. जाळी घसरली तसा पाइप जिवंत झाला, फवारा उंच उडाला आणि बाईंच्या बोलण्यासकट बाईंवर पडला. मालकांची मान खाली. मग सूनबाई म्हणाल्या, "नाना, काळजीनंच केलंत ना. काळजी चुकीची नव्हती, नुसती जागा चुकली." मालकांनी वर बघितलं नाही, पण पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. घाम असेल.

तेव्हापासून जावईबापू बिनपांघरुणाचे काम करतात. बाई आता बोलायच्या ते समोरासमोर बोलतात आणि मालकांना ऐकून घ्यावं लागतं. मला काम नाही. पट्टा काढून ठेवलाय, टाकीत तळाला थोडं डिझेल आहे. दुपारी मालक माझ्या ओट्यावर येऊन बसतात, पाठ माझ्या अंगाला टेकतात. आम्ही दोघंही गरम, पण कुणी कुणाला झाकत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं इंजिन असेल तर त्याला भंगारात द्या, नका देऊ, ते तुमच्यावर सोडतो. तेवढं हँडल मात्र आधी म्हाताऱ्याच्या हाताजवळून उचला. आम्हा इंजिनांचं काही सांगता येत नाही, आम्ही सुरू होतो.

कालचं सांगतो आणि थांबतो.

काल सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. पाइपाला धार बारीक, आणि यात कुणाचीच चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी शेतकरी न्यायला येणार म्हणून रोपांचे ट्रे बांधापर्यंत मांडलेले. मालक आले. पट्टा चढवला, हँडल घेतलं, माझ्यात बसवलं, कळ उचलली. मी तयारच होतो, पहिल्या फटक्यात निघायला. सूनबाई झारी घेऊन समोर उभ्या होत्या.

मालकांनी एक ट्रे ओढला आणि बोट मातीत खुपसलं. माती ओली होती.

"ऊन नाही," ते माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मग तहान तरी कुठली? झारीनं भागेल."

मग त्यांनी हँडल बाहेर काढलं. पंच्यानं पुसलं, मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश. सूनबाईंच्या हातातली झारी काढून घेतली, त्या रिकाम्या हातात हँडल ठेवलं, आणि डाव्या हातात झारी घेऊन रोपांकडे निघून गेले.